कॅन उघडण्याआधी घड्याळ बघा: रात्री जागून अभ्यास करणाऱ्या नव्या मुलांसाठी

वसतिगृहात नव्याने आलेली मुलं अभ्यासाच्या आधी जागायला शिकतात. जागायचं म्हटलं की कॉफी आली आणि कॉफी पुरेनाशी झाली की एनर्जी ड्रिंकचा कॅन आला. पदवी आणि पदव्युत्तर अशी बरीच वर्षं मी अशाच खोल्यांमधून काढली. पुढे नवीन बॅचच्या पोरांना वेळापत्रक आखून द्यायचं कामही गळ्यात पडलं. त्यात एक गोष्ट कायम दिसली. किती प्यायलो हे मुलं फुशारकीने सांगतात, पण किती वाजता प्यायलो हे विचारलं की डोकं खाजवतात. खरी गोम त्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं. ते जितकं साचेल तितकी झोप दाटून येते. कॅफीनच्या रेणूची ठेवण त्याच्याशी मिळतीजुळती असल्यामुळे ते ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसतं आणि थकल्याचा निरोप मेंदूला पोचत नाही. थकवा मात्र असतो तिथेच असतो. दाराची घंटा काढून ठेवली म्हणून दारातला माणूस परत जात नाही, तसंच हे. कॅफीन ओसरलं की साचलेली सगळी झोप एकदम अंगावर येते आणि नेमक्या त्याच वेळी हात दुसऱ्या कॅनकडे जातो.

आता वेळेचं गणित. प्यायल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात रक्तातलं कॅफीन सर्वांत जास्त होतं. त्यानंतर ते निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. म्हणजे रात्री नऊ वाजता १६० मिलिग्रॅम घेतलं, तर दोन वाजता अंथरुणावर पडताना त्यातलं ८० मिलिग्रॅम अंगात आहे. एक छोटा कॅन नुकताच रिचवून झोपायला गेल्यासारखंच झालं ते. सकाळी सात वाजताही ४० उरतंच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं होतं, तरीही लोकांची झोप तासाभराहून जास्त घटली. ‘मला कॉफी पिऊनसुद्धा मस्त झोप लागते’ असं म्हणणारा प्रत्येक वसतिगृहात भेटतो. त्याला झोप लागत असेलही. पण ती किती उथळ लागते हे झोपलेल्या माणसाला कसं कळणार?

पाच तास हीसुद्धा नुसती सरासरी. कॅफीनची विल्हेवाट यकृत लावतं आणि प्रत्येकाच्या यकृताचा वेग वेगळा. सिगारेट ओढणाऱ्यांत ते लवकर निघून जातं, गर्भनिरोधक गोळ्या चालू असलेल्या मुलींमध्ये बराच जास्त वेळ टिकतं आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं प्रतिजैविक चालू असेल तर तेही त्याला अडवून धरतं. तेव्हा ‘रूममेटला दोन कॅन पचतात, मग मला का नाही’ या हिशेबात पडू नका.

पहिल्यांदा कॅन हातात घ्याल तेव्हा त्याची पाठ वाचा. मुलं नेमकी कुठे फसतात ते सांगतो. बारीक अक्षरात कॅफीन ३२ मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं. त्याच्या शेजारी, आणखी बारीक, ‘प्रति १०० मिलिलिटर’. पोरगं ३२ वाचतं, ‘कॉफीपेक्षा कमीच की’ म्हणतं आणि ५०० मिलिलिटरचा कॅन संपवतं. झाले १६०. कपभर फिल्टर कॉफीत ८० ते १०० असतं, चहाच्या कपात ३० ते ५०. काही ब्रँडच्या मोठ्या कॅनमध्ये तर २०० ते ३०० मिलिग्रॅमही असतं, त्यामुळे आकारावरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही. घटकांच्या यादीत ग्वाराना (एका वेलीच्या बियांचा अर्क) दिसलं तर तेही कॅफीनच. त्या बियांमध्ये कॉफीच्या बियांपेक्षा जास्त असतं. आणि एक जागा कुणाच्या ध्यानातच येत नाही: डोकेदुखीच्या काही गोळ्या. जागरणाने डोकं ठणकतं म्हणून घेतलेल्या गोळीतही ६५ मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन निघू शकतं.

मर्यादा किती म्हणाल, तर युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक असं सांगितलं. किशोरवयीनांसाठी मात्र वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम. म्हणजे पन्नास किलोच्या सोळा वर्षांच्या मुलाला १५०, आणि वरचा ५०० मिलिलिटरचा कॅन एकट्यानेच ती रेघ ओलांडतो. लिथुआनियाने २०१४ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना ही पेयं विकायला बंदी केली. पुढे लॅटव्हिया आणि पोलंडनेही केली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०११ मध्येच मुलांच्या आहारात एनर्जी ड्रिंकला जागा नाही असं स्पष्ट म्हटलं होतं.

साखरेबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. साध्या एनर्जी ड्रिंकच्या ५०० मिलिलिटरमध्ये साधारण ५५ ग्रॅम साखर जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची कमाल मर्यादाच प्रौढांसाठी ५० ग्रॅमच्या आसपास आहे. बिनसाखरेचा कॅन घेतला तर साखर टळते, कॅफीन टळत नाही.

अभ्यासावर काय परिणाम होतो हे मला सर्वांत स्पष्ट दिसलं ते एका ज्युनिअरच्या नोट्समध्ये. रात्रभर बसून त्याने पूर्ण भाग ‘संपवला’ होता. सुरुवातीच्या पानांवर हायलायटरने व्याख्या, सूत्रं, एखादं नाव रंगवलेलं. पुढे पुढे रंग वाढत गेला आणि शेवटच्या पानांवर तर एकही ओळ पांढरी उरली नव्हती, मथळे आणि पानाचे आकडेसुद्धा पिवळे. डोळे उघडे होते, हात चालू होता. काय महत्त्वाचं ते ठरवणारं डोकं कधीच झोपलं होतं. कॅफीनने लक्ष टिकायला मदत होते, ते मी नाकारत नाही. पण वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं आणि त्या कामाला पर्याय कुठल्याही कॅनमध्ये मिळत नाही.

शरीराच्या तक्रारी ओळखीच्या आहेत: छातीत धडधड, हात कापणं, पित्त, उगीच चिडचिड. मुळातच घाबरट स्वभावाच्या मुलांना जास्त त्रास होतो, कारण कॅफीनची धडधड आणि परीक्षेची धडधड यांतला फरक आतून कळत नाही. रिकाम्या पोटी घेतलं की आणखी बेजार. पण ठोके चुकल्यासारखे वाटले, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, उलट्या थांबेनात किंवा झटका आला, तर थेट दवाखाना गाठा आणि काय, किती, किती वाजता घेतलं ते डॉक्टरांना न लाजता सांगा. हृदयाचा जन्मजात दोष असेल, किंवा घरात कुणाला तरुणपणी अचानक हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. दारूत एनर्जी ड्रिंक मिसळणं हा तर वेडेपणाच. चढलेली कळत नाही, म्हणून माणूस आणखी पितो. शुद्ध कॅफीनची पावडर खोलीत आणूसुद्धा नका. तिच्या एका चमचाभरात ३,००० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन असू शकतं आणि १,२०० मिलिग्रॅम झपाट्याने पोटात गेलं तरी झटके येऊ शकतात.

परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी अर्धं वसतिगृह डोकं धरून बसलेलं असतं. त्याला सगळे ‘शीण’ म्हणतात. पुष्कळदा ते कॅफीन एकदम तुटल्याचं दुखणं असतं. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत सुरू होतं, दुसऱ्या दिवसाच्या आसपास शिगेला पोचतं आणि कधीकधी आठवडाभर रेंगाळतं. सोडायचंच असेल तर पेपर चालू असताना सोडू नका. नंतर, दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं कमी करत जा. डोकं फारसं कुरकुरत नाही.

नव्या मुलांना वेळापत्रक करून देताना मी आधी झोपेची वेळ लिहितो आणि तिच्या आठ तास मागे एक रेघ मारतो. त्या रेघेनंतर कॅफीन नाही. रात्री बाराला झोपणाऱ्याची रेघ दुपारी चारला पडते आणि तिथे पहिल्या दिवशी हमखास वाद होतो. मग मी एवढंच सांगतो, की आठवडाभर करून बघ आणि पुन्हा भांडायला ये. दुपारी डोळे मिटायलाच लागले, तर छोटा कप कॉफी घेऊन लगेच वीस मिनिटं आडवे व्हा. उठेपर्यंत कॅफीनही चढायला लागलेलं असतं, आणि ती डुलकी नुसत्या कॉफीपेक्षा जास्त कामाला येते. गजर मात्र लावा, नाहीतर वीस मिनिटांचे दोन तास होतात.

पेपरच्या सकाळी नवा ब्रँड, मोठा कॅन, मित्राने दिलेली ‘जागं ठेवणारी’ गोळी, असलं काहीही नको. रोज जो कप घेता तोच, तेवढाच, काहीतरी खाऊन, पेपरच्या तासभर आधी. ज्यांना सवय नाही त्यांनी त्या दिवशी सुरुवात करू नये. त्यांच्या बाबतीत कॅफीन लघवीलाही जास्त लावतं, आणि तीन तासांच्या पेपरात दोनदा उठून जाणारे मी पाहिले आहेत. हॉलमध्ये शिरण्याआधी एकदा जाऊन या.