वर्गात एखादं मूल एकदम भडकलं तर शाळेतल्या मोठ्यांनी काय करायचं

पाचवीतला मुलगा बाक ढकलतोय, दप्तर फेकतोय, जवळ जाईल त्याला लाथा मारतोय आणि अख्खा वर्ग बघतोय, अशा वेळी आधी त्याला आवरायला धावू नका, आधी बाकीच्या पोरांना बाहेर काढा. "चला, सगळे ग्राउंडवर" एवढंच म्हणायचं आणि शेजारच्या वर्गाच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगायचं. बघणारे गेले की बराच जोर तिथेच ओसरतो.

मग बोलायचं एकानेच. होतं काय की वर्गशिक्षक, पर्यवेक्षक, शिपाईकाका सगळे घोळका करतात, प्रत्येकजण वेगळं काहीतरी ओरडतो आणि पोरगं अजूनच बिथरतं. ज्याच्याशी त्याचं जमतं त्याने थांबावं, मग ती खिचडी करणारी ताई का असेना. दोन-तीन हात लांब, दार न अडवता, शक्यतो खाली बसून. "मी इथेच आहे, पाणी ठेवलंय", बास. "का केलंस?" हे तेव्हा विचारूच नका, त्या क्षणी त्याच्याकडे उत्तर नसतं. बाबांना बोलवायची धमकी पण नको.

धरायचं फक्त जिवाला धोका असेल तर, म्हणजे गॅलरीच्या कठड्यावर चढतोय किंवा कर्कटक घेऊन कुणावर धावतोय, आणि तेही धोका टळेपर्यंतच. पालथं पाडून पाठीवर बसणं, छाती दाबणं कधीच नाही, श्वास कोंडून मूल दगावू शकतं. खोलीत घालून कडी लावायची नाही. चापटही नाही, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीवर बंदी आहे.

शांत दिसलं तरी आतून निवायला अर्धा-पाऊण तास सहज जातो, लगेच "सॉरी म्हण" केलं की परत पेटतं. त्याला काहीतरी खाऊ द्या, बसू द्या.

त्याच दिवशी वहीत लिहा: आधी काय झालं, त्याने काय केलं, आपण काय केलं. ही नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण चार-पाच वेळचं एकत्र वाचलं की कळतं, दरवेळी मोठ्याने वाचायला उभं केल्यावरच होतंय, किंवा उपाशी आलं त्या दिवशी. तसं असेल तर वाचायला उभं करणं थांबवा, आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षकांना (विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचे शिक्षक) वही दाखवा. घरी मारहाण होतेय असा संशय असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, मानसिक त्रासासाठी टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

पालकांशी मुलासमोर बोलू नका, आणि तो वर्गात परत यायच्या आधी बाकीच्या पोरांना सांगून ठेवा की चिडवायचं नाही.