मंदीत सरकार कोणाला सांभाळेल, हे आधीच कसं ओळखायचं

मंदी आली की टीव्हीवर पॅकेजचे आकडे सुरू होतात, अमुक लाख कोटी, तमुक अब्ज, आणि आपण त्यावरून ठरवतो की हे सरकार लोकांची काळजी घेतंय की नाही. मला विचाराल तर त्या आकड्यांतून फार काही कळत नाही. संकटात पैसा जातो तो आधीच टाकून ठेवलेल्या पाइपांतून, ऐन वेळी नवीन पाइप टाकायला कोणाकडे वेळ नसतो. म्हणून कुठल्याही देशाचं कल्याणकारी राज्य समजून घ्यायचं असेल तर आधी ते पाइप शोधायचे, ते कसे शोधायचे तेवढंच इथे लिहितोय.

सुरुवात जन्मापासून करा. पहिली योजना कधी आली आणि तेव्हा सत्तेतल्या लोकांना भीती कशाची होती, हे दोन प्रश्न विचारा. जर्मनीत चान्सलर (सरकारप्रमुख) बिस्मार्कने १८८३ साली आजारपणाचा विमा आणला, १८८४ ला अपघाताचा, १८८९ ला म्हातारपण आणि अपंगत्वाची पेन्शन. समाजवाद्यांच्या संघटनांवर त्याने १८७८ मध्येच बंदी घातली होती तरी कामगार त्यांच्याकडे जायचे थांबत नव्हते, तेव्हा कामगाराला राज्याशी बांधून ठेवायला हा विमा. म्हणून रचना अशी झाली की कामगार आणि मालक वर्गणी भरणार (अपघाताच्या विम्यात फक्त मालक) आणि ज्याच्या नावावर वर्गणी त्यालाच लाभ. ब्रिटनने १९०८ च्या कायद्याने वेगळं केलं, सत्तरी गाठलेल्या गरीब म्हाताऱ्यांना थेट तिजोरीतून आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग, वर्गणी नाही पण उत्पन्न तपासणार. तिसरा रस्ता स्वीडन-डेन्मार्कसारख्या देशांचा, कर भरपूर घ्यायचा आणि बऱ्याच सोयी गरीब-श्रीमंत न बघता सगळ्यांना हक्काने द्यायच्या. आज बहुतेक देशांत या तिन्हींची भेसळ आहे, पण मुख्य कणा कुठला ते बघितलं की पुढचं बरंच सोपं जातं.

आता असं बघा की मंदी आल्यावर कोणी सही न करता आपोआप काय होतं. लोकांचं उत्पन्न घटलं की कर कमी भरला जातो, बेकारी भत्त्याचे अर्ज वाढतात, खर्च वाढतो, तूट वाढते, आणि हे चांगलं लक्षण आहे कारण तेवढे पैसे लोकांच्या हातात राहतात आणि दुकानं चालू राहतात. याला ऑटोमॅटिक स्टॅबिलायझर म्हणतात. तूट वाढली म्हणजे सरकार उधळतंय असं लगेच समजू नका.

यातलं माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण जर्मनीचं कुर्त्सआर्बाइट. ऑर्डर कमी झाल्या तर कंपनी माणूस काढत नाही, तास कमी करते आणि बुडालेल्या हातातल्या पगाराचा ६० टक्के भाग बेकारी विमा देतो, मूल असेल तर ६७ टक्के. समजा एकाला महिन्याला २,००० युरो हातात येतात आणि काम निम्मं झालं, तर १,००० कंपनीकडून, बुडालेल्या १,००० चे ६०० विम्यातून, म्हणजे साधारण १,६०० घरी येतात आणि नोकरीही शाबूत. २००९ मध्ये जर्मनीचा जीडीपी ५ टक्क्यांहून जास्त पडला, ऐन भरात जवळपास १५ लाख लोक या योजनेत होते, आणि बेकारी मात्र जेमतेम वाढली. हा पाइप १९२० च्या दशकातला आहे, २००९ मध्ये फक्त नळ मोठा केला. उलट अमेरिकेत २०२० ला प्रत्येक बेकाराला त्याच्या पगाराच्या प्रमाणात वाढीव भत्ता द्यायचा विचार होता, पण राज्यांच्या जुनाट कॉम्प्युटर सिस्टिम्सना तो हिशेबच झेपणार नव्हता, म्हणून सगळ्यांना सरसकट आठवड्याला ६०० डॉलर जास्तीचे दिले, आणि तरीही कित्येक लोक आठवडेच्या आठवडे पैशांची वाट बघत बसले.

यानंतर अटी वाचा, अगदी बारीक अक्षरातल्या. ब्रिटनमध्ये १९३१ साली बेकारी भत्ता १० टक्क्यांनी कापायचा की नाही यावरून मजूर पक्षाचं सरकार कोसळलं, नंतरच्या सरकारने तो कापलाच आणि वर बराच काळ बेकार असलेल्यांना घरगुती मीन्स टेस्ट लावली. अधिकारी घरी यायचा, सामान बघायचा, घरात कोण किती कमावतं ते लिहून घ्यायचा. मुलीला कारखान्यात काम असेल तर तिचा पगार धरून बापाचा भत्ता कमी, म्हणजे बाप मुलीच्या जिवावर जगणार, आणि कित्येक घरांत मुलं वेगळी राहायला गेली ती एवढ्यासाठीच. हा अपमान लोक विसरले नाहीत. १९४२ च्या बेव्हरिज अहवालात, म्हणजे युद्धानंतरच्या ब्रिटनच्या सामाजिक सुरक्षेच्या आराखड्यात, वर्गणी भरा आणि तपासणीशिवाय हक्काने घ्या यावर एवढा भर आहे आणि लोकांनी तो एवढा उचलून धरला, त्याच्या मागे ही मीन्स टेस्ट आहे.

कपात शोधायची असेल तर संकट सुरू झाल्यावर दोन-तीन वर्षांनी बघा, पहिल्या वर्षी सगळेच उदार असतात. आणि ती मथळ्यात सापडेलच असं नाही, बऱ्याचदा महागाईच्या सूत्रात असते. ब्रिटनमध्ये १९८० पर्यंत सरकारी पेन्शन पगारवाढ किंवा महागाई यातलं जे जास्त असेल त्याप्रमाणे वाढायची, मग ती फक्त महागाईला जोडली. ऐकायला किरकोळ वाटतं ना? कागद घ्या आणि हिशेब करा. पेन्शन सरासरी पगाराच्या २५ टक्के आहे आणि पगार महागाईपेक्षा दरवर्षी २ टक्के जास्त वाढतोय असं धरा, २५ वर्षांनी तीच पेन्शन पगाराच्या १५ टक्क्यांवर आलेली असते, एकही रुपया न कापता. म्हणून कुठलाही भत्ता बघताना तो कशाला जोडलाय हे आधी विचारा.

संकटात योजना वाढतात पण, हे विसरू नका. दक्षिण कोरियात १९९७ च्या आर्थिक पडझडीनंतर १९९८ च्या सुरुवातीला कामगार संघटना, मालक आणि सरकार एकत्र बसले, संघटनांच्या नेत्यांनी कामगार कपात सोपी करायला मान्यता दिली आणि बदल्यात सुरक्षा वाढवून घेतली. १९९५ ला ३० किंवा जास्त कामगारांच्या कंपन्यांपुरता सुरू झालेला बेकारी विमा त्याच वर्षी एक कामगार असलेल्या दुकानापर्यंत पोचला. म्हणजे संकट आणि मोबदला मागायची ताकद असलेलं कोणीतरी, दोन्ही लागतं.

सगळ्यात शेवटी आणि न चुकता, बाहेर कोण राहिलं त्यांची यादी करा. ग्रीसमध्ये बेकारी भत्ता जास्तीत जास्त १२ महिने आणि आरोग्य विमा नोकरीला जोडलेला, २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली तेव्हा नोकरीबरोबर डॉक्टरही गेला, आणि विमा नसलेल्यांना सरकारी दवाखान्याची दारं नीट उघडायला २०१६ चा कायदा लागला. अमेरिकेचा १९३५ चा सोशल सिक्युरिटी कायदा महामंदीतून आला, त्याचं कौतुक योग्यच आहे, पण म्हातारपणाच्या विम्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले होते, आणि दक्षिणेतले बहुतेक काळे कामगार नेमके याच कामांत होते. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आत यायला १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांपर्यंत थांबावं लागलं, आणि १९३५ ला पन्नाशीत असलेली घरकामवाली बाई तोवर सत्तरीकडे झुकली होती.