गणपतीनंतर पाटी कोरी का होते? वर्गात संशोधन वापरताना या चुका टाळा

गणपतीची सुट्टी संपते, चाकरमानी मुंबईला परततात आणि मुलं शाळेत येतात. जुलैत फळ्यावर भराभर सोडवलेली गणितं तीच मुलं आता पहिल्यांदाच पाहिल्यासारखी बघतात. मालवणकडच्या किनाऱ्यावर शिकवताना हे मी दरवर्षी पाहिलं आणि दरवर्षी मुलांनाच बोल लावला. विसरणं स्वाभाविक आहे, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं. दोष असलाच तर आमच्या उजळणीच्या पद्धतीत होता.

आठवण्याच्या सरावाची परीक्षा करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती मी केली आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न बघता आठवून लिहिला, म्हणजे आठवण्याचा सराव केला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६.

हे वाचून मी रोज चाचणी सुरू केली आणि गुण वहीत मांडू लागले. महिन्याभरात मुलं शेजारच्या वहीत डोकावायला लागली. गुण आले की आठवणं मागे पडतं, लपवणं पुढे येतं.

आता वह्या मिटून तीनच प्रश्न विचारते: एक कालचा, एक गेल्या आठवड्याचा, एक महिन्यापूर्वीचा. गुण नाहीत. उत्तर लगेच फळ्यावर येतं आणि मुलं आपलं आपण दुरुस्त करतात. अर्ध्याहून जास्त वर्ग गप्प बसला, तर प्रश्न वाढवू नका. जे मुळात समजलेलंच नाही ते आठवणार कसं? अशा वेळी एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा, दुसरं अर्धवट सोडवून द्या आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

एका जातीची दहा गणितं

परिमितीचा धडा झाला की परिमितीची दहा गणितं, क्षेत्रफळाचा झाला की त्याची दहा. सगळी बरोबर येतात, कारण कुठलं सूत्र वापरायचं हे मुलाला ठरवावंच लागत नाही. रोहरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना घनफळाची गणितं दिली. एका वेळी एकाच प्रकारची गणितं करणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, सगळ्या प्रकारांची सरमिसळ करणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिला गट २० टक्क्यांवर घसरला, दुसऱ्याने ६३ टक्के मिळवले.

मी आता घरचाच प्रश्न देते. खळं सारवायला किती शेण लागेल, हे काढायला काय मोजाल? त्याच खळ्याभोवती गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, घालायचा तर काय मोजाल? गणित करायचंच नाही, फक्त परिमिती की क्षेत्रफळ ते सांगायचं आणि का, ते बोलायचं. सुरुवातीला वर्ग चुकतो आणि पालकांना वाटतं, मूल मागे पडलं. त्यांना आधीच सांगून ठेवा. मात्र पहिल्याच दिवशी सरमिसळ करू नका. प्रत्येक प्रकार आधी वेगळा समजू द्या.

बघणारी मुलं, ऐकणारी मुलं

काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, अशी वाटणी करून शिकवण्यात वेळ घालवू नका. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. या वाटणीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो, याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. नकाशा सगळ्यांनीच बघायचा असतो आणि कविता सगळ्यांनीच ऐकायची असते.

उपक्रम रंगला, धडा राहिला

भरती-ओहोटी शिकवायला मी वर्ग किनाऱ्यावर नेला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर सगळ्यांना आठवली ती वाळूत सापडलेली कुर्ली, म्हणजे खेकडा. मुलांनी विचारच तिचा केला होता, मग लक्षातही तीच राहणार.

आमच्या मुलांच्या घरात होड्या आहेत. अमावास्या-पौर्णिमेला पाणी किती चढतं, हे त्यांना पुस्तकाआधी माहीत असतं. तिथूनच सुरुवात करायला हवी होती. पुढच्या वर्षी काम नेमकं दिलं: धक्क्यावर भरती पूर्ण कधी होते, ते चार दिवस घड्याळ बघून लिहा. वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, हे त्यांनीच शोधलं. मग प्रश्न मी टाकला नाही, मुलांनीच विचारला: पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी चोवीस तासांत होते, मग हा उशीर कुठून येतो? चंद्रही तेवढ्यात पुढे गेलेला असतो, हे सांगायला मला फळ्यावर दोन वर्तुळं पुरली. गणपतीनंतर तेच चित्र मुलांनी न बघता काढून दाखवलं.