अश्वगंधा काढताय? पाला वेगळा ठेवा आणि मुळी कट्‌कन मोडल्याशिवाय पोतं शिवू नका

जानेवारी लागला, ऑगस्ट-सप्टेंबरला पेरलेली अश्वगंधा आता काढणीला येईल, पानं पिवळी पडली आणि फळं लाल झाली की मुळी तयार समजायची. पण काढणीआधी एक सांगतो. आपला माल कुणाच्या तरी पोटात जाणार आणि पोटातून थेट लिव्हरकडे, म्हणून चांगल्या कंपन्या आता नुसती जाडी आणि रंग बघून माल घेत नाहीत, सॅम्पल लॅबला जातं. तिथे शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा बघतात (शिसं १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १० भाग, याच्या वर गेलं की माल बाद), बुरशीचं विष बघतात, आणि काही ठिकाणी तर अर्क लिव्हरच्या पेशींवर टाकून त्या मरतात का तेही तपासतात.

यातलं बुरशीचं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, सगळ्यात वाईट. ते लिव्हरचंच विष आहे, उकळूनही जात नाही, आणि येतं कुठून तर आपल्याच खळ्यावरून. मागच्या साली माझ्या मुळ्या वरून खडखडीत दिसत होत्या, मी घाईत पोती शिवली, महिन्याने एक पोतं उघडलं तर देठाकडच्या जाड भागात हिरवट भुकटी, हाताला लागली तशी उडत होती. अख्खा लॉट परत आला आणि मला वाईट पैशाचं नाही वाटलं, तो माल कुणी खाल्ला असता तर, याचं वाटलं. तर मुळ्या धुवून ७ ते १० सेंटीमीटरचे तुकडे करा, जाड मुळी उभी चिरा, ताडपत्रीवर पातळ पसरा, आणि संध्याकाळी दव पडायच्या आत झाकाच, नाहीतर दिवसभर वाळवलेलं रात्रीत परत ओलं होतं. सगळ्यात जाड तुकडा मोडून बघा, वाकला तर अजून ओल आहे.

पाला मुळीत अजिबात जाऊ देऊ नका. व्यापारी म्हणेल वजन वाढतंय तर असू द्या, पण पानांत विदाफेरिन ए (पेशींना मारक ठरू शकणारं द्रव्य) मुळीपेक्षा जास्त असतं आणि २०२१ मधे आयुष मंत्रालयानेच कंपन्यांना पानं वापरू नका असं कळवलंय.

बांधावरची गुळवेल तोडून विकणाऱ्यांनी तर जास्तच जपा. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटना लिव्हरचा त्रास झाल्याचं नोंदवलं, मंत्रालयाचं म्हणणं की तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असू शकते, वाद आहे, पण वेल ओळखणं तर आपल्या हातात आहे. त्या दुसऱ्या जातीच्या खोडावर बारीक बारीक पुटकुळ्यांसारखे फोड असतात, बोट फिरवलं की कळतं, आणि मोडल्यावर दुधासारखा चीक येतो. शंका आली तर तोडू नका, पानाफुलासकट फांदी जवळच्या कृषी विद्यापीठात दाखवून आणा.

आणि प्रत्येक लॉटमधून अर्धा किलो बाजूला काढून त्यावर शेत आणि काढणीची तारीख लिहून ठेवा, लॅबचा रिपोर्ट वाईट आला तर नेमकं कुठल्या वाफ्यातलं ते शोधता येतं.