रेडिओवर ‘हो’ म्हणायची घाई: आरटीआरची तयारी करणाऱ्यांनो, या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात ठाण्यातल्या आमच्या आरटीच्या वर्गात, म्हणजे विमानाच्या रेडिओवर बोलण्याचा परवाना देणाऱ्या आरटीआर परीक्षेच्या तयारीच्या वर्गात, कळव्याचा एक मुलगा हेडसेट लावून बसला होता. मी दाराआड, अप्रोच कंट्रोलर, म्हणजे उतरायला येणाऱ्या विमानांना सूचना देणारा, होऊन. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि खिडकी मी मुद्दाम उघडी ठेवली होती. त्याला उंची सांगितली आणि शेवटी म्हटलं, ‘क्यूएनएच वन झीरो झीरो थ्री.’ (क्यूएनएच म्हणजे उंचीमापकात भरायचा हवेचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये.) त्याने खणखणीत आवाजात परत म्हटलं, ‘वन झीरो वन थ्री.’ मी गप्प राहिलो. नंतर विचारलं तर तो शपथ घ्यायला तयार, की सर, तुम्ही 1013च म्हणालात. खोटं बोलत नव्हता तो. पुस्तकात जागोजागी 1013 हा प्रमाण दाब वाचून कानाने तो आकडा आधीच धरून ठेवला होता.

पावसाळ्यात आपल्याकडे हा दाब हजाराच्या आसपास उतरतो. उंचीमापकात एक हेक्टोपास्कल चुकीचा भरला की साधारण 27-28 फुटांचा फरक पडतो. दहाचा फरक म्हणजे पावणेतीनशे फूट, आणि इथे तो वाईट बाजूला: काटा दाखवतो त्यापेक्षा विमान खाली.

23 मे 2022 रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरणाऱ्या एका एअरबस ए320 विमानाला कंट्रोलरने 1001ऐवजी 1011 सांगितलं. पाऊस होता, ढग होते. वैमानिकांनी ऐकलेला आकडा बिनचूक परत म्हटला. धावपट्टी दिसेना म्हणून त्यांनी विमान वर घेतलं, तेव्हा अगदी खालच्या क्षणी ते जमिनीपासून अवघं सहा फूट उरलं होतं. म्हणून रीडबॅक, म्हणजे ऐकलेलं परत म्हणणं, बरोबर आला की काम झालं, असं मानू नका. एटिसवर, म्हणजे विमानतळाचं हवामान रेडिओवर सतत सांगणाऱ्या ध्वनिफितीवर, ऐकलेला दाब कागदावर लिहा. कंट्रोलरचा आकडा त्याच्याशी जुळला नाही तर तिथल्या तिथे विचारा.

‘रॉजर’ म्हणजे होकार नव्हे

फोनवर समोरचा पत्ता सांगत असतो आणि आपण मध्येच ‘हो हो, आलं लक्षात’ म्हणतो. हीच सवय रेडिओवर ‘रॉजर’ होऊन येते. रॉजरचा अर्थ एवढाच की तुमचं बोलणं पूर्ण पोचलं. त्याप्रमाणे करतो म्हणायचं असेल तर ‘विल्को’. हो किंवा नाही विचारलं असेल तर ‘अफर्म’ किंवा ‘निगेटिव्ह’. धावपट्टीवर जाणं, ती ओलांडणं, तिच्याआधी थांबणं, उड्डाण, उतरणं, उंची, दिशा, वेग, क्यूएनएच, ट्रान्सपॉन्डरचा (रडारवर विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड: यातलं काहीही सांगितलं की नुसतं रॉजर चालत नाही. शब्दन्‌शब्द परत म्हणायचं आणि शेवटी आपला कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव.

27 मार्च 1977 रोजी टेनेरिफे या स्पॅनिश बेटावरच्या विमानतळावर धुक्यात केएलएम या डच कंपनीच्या वैमानिकाने आपण ‘टेकऑफला’ आहोत अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. कंट्रोलर आधी ‘ओके’ म्हणाला आणि मग थांबायला सांगू लागला. नेमकं त्याच क्षणी पॅन अ‍ॅमच्या विमानाने आपण अजून धावपट्टीवरच असल्याचं कळवलं. बोलायची दोन बटणं एकदम दाबली गेली आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ऐकू आली ती कर्कश शिट्टी. दोन्ही विमानं धडकली, 583 माणसं गेली. तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना तेवढा वापरतात. एरवी ‘डिपार्चर’. सरावात मुलं ‘रेडी फॉर टेकऑफ’ म्हणतात तेव्हा मी तिथेच थांबवतो, दहा वेळा म्हणाली तर दहा वेळा.

आकडे

आपल्याला एकोणसत्तर आणि एकोणऐंशीची गल्लत नवी नाही, मोबाइल नंबर सांगताना आपण आपसूक एकेक अंक सुटा करतो. रेडिओवरही तेच करा. खरखरीत ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ सारखे वाटतात म्हणून ‘फाइफ’ आणि ‘नाइनर’. लाजू नका, तसंच म्हणा. आणि आकड्याच्या आधी ‘टू’ किंवा ‘फॉर’ घुसू देऊ नका. फेब्रुवारी 1989 मध्ये क्वालालंपूरजवळ एका मालवाहू विमानाला 2400 फुटांपर्यंत उतरायला सांगितलं होतं, ‘टू फोर झीरो झीरो’. कॉकपिटमध्ये पहिला ‘टू’ हा दोनाचा अंक न वाटता ‘पर्यंत’ वाटला आणि अर्थ लागला ‘400 फुटांपर्यंत’. विमान टेकडीवर आदळलं, चौघेही गेले.

बटण

बटण दाबा, श्वासभर थांबा, मग बोला. घाईत पहिलं अक्षर कापलं जातं, आणि पहिलं अक्षर बहुतेक वेळा विमानतळाच्या किंवा तुमच्या नावाचं असतं. आधी ऐका, दुसऱ्याचं बोलणं आणि त्याला येणारं उत्तर दोन्ही संपू द्या. 234 आणि 243 अशा कॉलसाइनची दोन विमानं एकाच वारंवारतेवर असतील तर आपल्यासाठी नसलेला हुकूम उचलायला अर्धा सेकंद पुरतो. शंका आली तर ‘कन्फर्म’ म्हणून आपला पूर्ण कॉलसाइन सांगत विचारा.

संकोच

मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं-मुली ‘से अगेन’ म्हणायला कचरतात. इंग्रजी कच्चं आहे असं वाटेल, ही भीती. 25 जानेवारी 1990 रोजी न्यूयॉर्कजवळ कोसळलेल्या कोलंबियाच्या आवियांका कंपनीच्या फ्लाइट 52 चं इंधन संपत आलं होतं. कर्मचाऱ्यांनी ‘प्रायॉरिटी’ मागितली, इंधन संपतंय असंही सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द कंट्रोलरपर्यंत गेलाच नाही. 158 पैकी 73 जण वारले. अडचण असेल तर सौम्य शब्द शोधू नका: जिवावरचं संकट असेल तर ‘मेडे’, तातडी असेल पण तेवढी नाही तर ‘पॅन पॅन’, तीनदा. जमणार नसेल तर ‘अनेबल’. वेळ हवा असेल तर ‘स्टँडबाय’. अर्धंच ऐकू आलं असेल तर ‘से अगेन ऑल आफ्टर’ म्हणून शेवटचा कळलेला शब्द सांगा, म्हणजे समोरचा तेवढाच तुकडा परत सांगेल.

उलव्याच्या नव्या नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं उडू लागली आणि पनवेल, ऐरोलीहून चौकशीला येणारी मुलं वाढली. आरटीआरची परीक्षाही आता दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) आली आहे. पाठांतर सगळ्यांचं चांगलं असतं, कान तयार नसतात. त्यासाठी घरचा सराव सांगतो. दोघं पाठीला पाठ लावून बसा, ओठ दिसता कामा नयेत. पंखा मोठा, टीव्ही चालू. एकाने मिनिटाला शंभर शब्दांच्या आत राहून हुकूम द्यायचे, दुसऱ्याने लिहून परत म्हणायचे, आणि अधूनमधून मुद्दाम एक अंक चुकवायचा. चूक पकडायची जबाबदारी हुकूम देणाऱ्याची. ती सुटली तर डाव त्याच्यावर. कळव्याच्या त्या मुलाने हा सराव धाकट्या बहिणीबरोबर केला, आणि पहिल्याच आठवड्यात तिने त्याच्या अकरा चुका पकडल्या.