समोरच्याला काय हवंय हे ओळखताना या चुका टाळा, दुकानात पण आणि घरात पण

सोलापुरात चादरीच्या दुकानात हे कायम बघायला मिळतं, गिऱ्हाईक आत आलं की मालक सगळ्यात जाड, सगळ्यात भारी चादर उलगडतो आणि वजन, वीण, पक्का रंग, जीआय मानांकन (म्हणजे माल अस्सल सोलापुरी असल्याची सरकारी ओळख) असं सगळं मनापासून सांगत सुटतो. माल खरंच चांगला असतो, त्यात वादच नाही. पण समोरची बाई पुण्याला फ्लॅटमध्ये राहते, तिच्या डोक्यात चाललंय की ही मशीनमध्ये मावेल का, पावसाळ्यात गॅलरीत वाळेल का. मागं उभा पोरगा हॉस्टेलला चाललाय, त्याला बॅगेत बसणारी पाहिजे. अक्कलकोट-तुळजापूर करून आलेल्यांना गाडीत ओझं नकोय, आणि आहेराला घेणारा तर चादरीआधी बॉक्स कसा दिसतो ते बघतो. "कुणासाठी घेताय ताई?" एवढं आधी विचारलं तर निम्मा ढीग उलगडावाच लागणार नाही.

आपल्याला जे भारी वाटतं ते समोरच्यालाही वाटणारच, ही सगळ्यात मोठी चूक आणि ती सगळ्यांकडूनच होते. १९७७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं, अंगावर जाहिरातीचा बोर्ड अडकवून कॅम्पसमध्ये फिराल का? जे हो म्हणाले त्यांना वाटत होतं की बहुतेक जण हो म्हणतील, आणि जे नाही म्हणाले त्यांना वाटत होतं की बहुतेक जण नाहीच म्हणतील.

यावर सगळे सांगतात, स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघ. इथंच दुसरी चूक होते. ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एपली या संशोधकांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांचा एक अभ्यास छापला, त्यात दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून लोकांचे अंदाज काही जास्त बरोबर आले नाहीत, बरोबर आले ते समोरच्याशी बोलून, त्यालाच विचारून घेतल्यावर. म्हणजे विचारा.

पण विचारायचं कसं, खरी मेख तिथं आहे. पोरगा पुण्याहून फोनवर म्हणतो, "आई, तुला काय पाहिजे सांग, पाठवतो." आई काय म्हणणार? "मला काय नको रे बाबा, तू नीट जेवत जा." मग पोरगा स्वतःच्या मनानं मोठा टीव्ही पाठवतो आणि आई कौतुकानं शेजारणीला दाखवते पण लावत नाही. त्यापेक्षा विचारा, "परवा पाणी कधी आलं होतं गं? कुणी भरलं?" मग हळूहळू निघतं की पाणी रात्री आलं, आता चार-पाच दिवस येणार नाही म्हणून पिंप, हंडे सगळं एकटीनं भरलं आणि तेव्हापासून गुडघा धरलाय. तिला पाहिजे होती वरच्या टाकीपर्यंत पाणी चढवणारी मोटर, नाहीतर पाण्याच्या दिवशी हाताखाली कुणीतरी. सोलापुरातल्या किती घरांत हे असंच चाललंय, आणि आया स्वतःहून कधीच सांगत नाहीत.

दुकानात पण सेम. "हे आवडेल का?" म्हटलं की माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, "छान आहे, बघतो" म्हणतो आणि जातो. त्याऐवजी मागच्या वेळचं विचारा, आधी कुठली वापरत होता, ती का बदलताय, धुताना काय त्रास झाला. घडलेलं सांगताना माणूस मोकळा बोलतो आणि त्यातच त्याला काय पाहिजे ते येतं.

लोक येतात, हात लावतात आणि "येतो बघून" म्हणून जातात, असं होत असेल तर लगेच रेट पाडू नका. रेटचा प्रश्न असतो कधी कधी, पण बरेचदा साईजची खात्री नसते, रंग जाईल अशी भीती असते, नाहीतर घरी विचारायचं असतं. "घरी दाखवायचंय का? फोटो काढा की" असं म्हणून बघा.

अजून एक, वापरणारा कोण आणि ठरवणारा कोण हे वेगळं करा. आपल्याकडे युनिफॉर्मचा धंदा मोठा आहे, त्यात तर चार माणसं असतात. शाळेला जूनच्या आधी सगळे साईज हातात पाहिजेत, पैसे देणारे वडील किंमत बघतात, आई बघते की आत माया सोडलीय का म्हणजे पुढच्या वर्षी उसवून वाढवता येईल, आणि पोराला कॉलर टोचायला नको. फक्त शाळेशी बोललात तर ऑर्डर एकदाच मिळेल.

जुनी ओळख आहे म्हणून विचारायचं सोडणं ही पण चूकच. विल्यम स्वान आणि मायकल गिल या मानसशास्त्रज्ञांच्या १९९७ च्या अभ्यासात नातं जितकं जुनं तितकी आपण एकमेकांना ओळखतो ही खात्री वाढलेली दिसली, पण अंदाज तितके बरोबर झालेले नव्हते. वीस वर्षांचा संसार असो नाहीतर वीस वर्षांचा होलसेलर, गरज बदलते आणि आपल्या डोक्यात जुनीच राहते.

भाषेचंही सांगतो. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे बरेच, तिथल्या आजीला तेलुगूत विचारा, विजयपूरहून आलेल्या पाहुण्याला कन्नडमध्ये, मोडकं असलं तरी चालतं. मराठीत जे "बरं आहे" एवढ्यावर थांबतं ते त्यांच्या भाषेत पाच मिनिटं चालतं.

आणि एवढं करून कळलं की त्याला पाहिजे ते आपल्याकडे नाहीच, तर शेजारच्या दुकानाचा पत्ता द्या, गळ्यात काहीतरी मारू नका. फक्त काय मागितलं होतं ते वहीत लिहून ठेवा. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला गर्दी होते तेव्हा ही वही काउंटरलाच ठेवायची आणि जे गिऱ्हाईकानं मागितलं पण आपल्याकडे नव्हतं तेवढंच लिहायचं, पुढचा माल भरताना आधी तीच उघडा.