राउटर कूलरमागून काढा, मग पासवर्डकडे बघा

नागपुरात उन्हाळा लागला की खिडकीला कूलर बसतो, आणि नेमका त्याच्याच मागच्या कोनाड्यात राउटर असतो. आमच्याकडेही तसंच होतं. कूलरचा पत्रा आणि टाकीतलं पाणी, दोन्ही वायफायचा सिग्नल अडवतात. वरून मे महिन्याच्या ४५ अंशांत राउटर तापतो तो वेगळाच. मी तो हॉलमध्ये कपाटावर (आत नाही!) मोकळ्या जागी ठेवला, तेव्हा मागच्या खोलीतून येणारी ‘नेट गेलं, नेट गेलं’ ही बोंब थांबली.

हात लावलाच आहे तर पासवर्डही बदला. कनेक्शन जोडायला येणारा मुलगा बरेचदा तुमचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून टाकून जातो, आणि तो नंबर अख्ख्या गल्लीकडे असतो. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगचा वेगळा, हे बहुतेकांना माहीतच नसतं. दुसरा अनेक घरी अजून ‘अ‍ॅडमिन’च आहे. राउटरखालच्या स्टिकरवर १९२.१६८.१.१ सारखा पत्ता असतो. तो ब्राउझरमध्ये टाका, दोन्ही पासवर्ड बदला, सिक्युरिटीच्या पर्यायात डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ (वायफाय कुलूपबंद ठेवायच्या पद्धती) निवडा, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचं वेगळ्या पासवर्डचं वायफाय, द्या.

‘केवायसी राहिली, आज रात्री नेट बंद होईल, हे अ‍ॅप टाका’ असा फोन आला तर सरळ कापा. बिल कंपनीच्या अ‍ॅपमध्ये स्वतः बघा. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा.